सोन्यावर बसलेल्या कोबाल्ट थॅलोसायनिनचे चुंबकत्व कुठे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोन्याच्या पृष्ठभागावर तुम्ही निर्वातात कोबाल्ट थॅलोसायनिनचा (मधोमध कोबाल्टचा अणू असलेल्या चपट्या सेंद्रिय रेणूचा) २० नॅनोमीटर जाडीचा थर चढवला. प्रत्येक रेणूत कोबाल्टचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून थराचे चुंबकत्व किती भरावे याचा हिशेब तुम्ही आधीच मांडून ठेवला होता. प्रत्यक्षात ते त्यापेक्षा बरेच कमी भरले. याशिवाय जेमतेम एक रेणू जाडीच्या दुसऱ्या नमुन्यात कोबाल्टचे क्ष-किरण वर्णपटातले शिखर जाड थरातल्या जागेपासून सरकलेले दिसले. या दोन गोष्टी जोडून तुम्ही असा निष्कर्ष काढला की रेणू सोन्याशी रासायनिक बंध करतात आणि त्या बंधात आपले चुंबकत्व गमावतात. हा निष्कर्ष बरोबर आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

निष्कर्षाचा एक भाग सोन्यालगतच्या पहिल्या थरापुरता बराचसा खरा आहे. मात्र तुम्ही केलेल्या दोन्ही मोजमापांतून तो निघत नाही, आणि ‘बंध झाला म्हणून चुंबकत्व गेले’ हे त्यामागचे गृहीतक तर मुळातच तपासून घ्यायला हवे. या विषयात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे, सुरुवातीला स्वतः केलीही आहे, की उत्तर जरा विस्ताराने देतो.

आधी साधे गणित करू. थॅलोसायनिनचा रेणू चपटा असतो आणि तो आडवा पडला, तर एकावर एक थरांतले अंतर साधारण ३.४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) भरते. म्हणजे २० नॅनोमीटरमध्ये सुमारे ६० थर झाले. त्यांतला सोन्याला टेकलेला थर एकच. तो पूर्णपणे चुंबकत्वहीन झाला असे धरले, तरी एकूण चुंबकत्वात दोन टक्क्यांचीही घट होणार नाही. तुम्हाला दिसलेली मोठी घट सोन्याशी होणाऱ्या बंधामुळे आलेली नाही, एवढे या आकड्यावरूनच ठरते. ती रेणू-रेणूंमधल्या परस्परसंबंधातून येते. कोबाल्ट थॅलोसायनिनमधला एकटा इलेक्ट्रॉन रेणूच्या प्रतलाला लंब असलेल्या डी-झेड-वर्ग या कक्षकात राहतो. हा कक्षक वर आणि खाली पसरलेला असल्यामुळे चवडीतल्या शेजारच्या रेणूशी त्याचा चांगला संपर्क येतो आणि शेजारशेजारच्या दोन स्पिन, म्हणजे या एकट्या इलेक्ट्रॉनांचे इवलेसे चुंबक, एकमेकींच्या विरुद्ध दिशेने उभ्या राहतात. लंडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये कोबाल्ट थॅलोसायनिनच्या पातळ थरांत हा प्रतिलोहचुंबकी परिणाम तापमानाच्या मापात १०० केल्विनच्या घरात असल्याचे दाखवले. इतका बलवान परिणाम असताना कमी तापमानाला थराचे चुंबकत्व सुट्या स्पिनच्या हिशेबाने मोजले, तर ते कमी भरणारच. तुमचा नमुना खराब झालेला नाही. अपेक्षा मांडताना वापरलेले सूत्र मात्र या पदार्थाला लागू पडत नाही.

ताडून पाहायचे असेल, तर त्याच जाडीचा तांबे थॅलोसायनिनचा थर करा. त्यातही प्रत्येक रेणूत एकच इलेक्ट्रॉन एकटा असतो, पण तो रेणूच्या प्रतलातच, भोवतालच्या चार नायट्रोजन अणूंकडे तोंड केलेल्या कक्षकात राहतो. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांशी त्याचा संबंध फारच क्षीण, अवघ्या काही केल्विनचा असतो. तो थर तुमच्या सूत्रापासून फारसा ढळणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे सोन्याला टेकलेल्या त्या एका थराकडे वळतो. इथला प्रश्न खरोखर रंजक आहे.

हा रेणू नीट डोळ्यांसमोर आणा. ३२ कार्बन, १६ हायड्रोजन, ८ नायट्रोजन आणि मधोमध एक धातूचा अणू, असे एकूण ५७ अणू. चार पाकळ्यांच्या फुलासारखा आकार, रुंदी दीड नॅनोमीटरच्या आसपास. धातूचा अणू चार नायट्रोजनांच्या मध्ये घट्ट बसलेला असतो आणि हे वलय धातूला किती आसुसलेले असते याची साक्ष या पदार्थाच्या इतिहासातच आहे: १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ येथील रंगांच्या कारखान्यात भांड्याच्या आतल्या मुलाम्याला तडा गेला, उघड्या पडलेल्या पोलादातले लोह रेणूने ओढून घेतले आणि नको असलेला निळसर मळ म्हणून लोह थॅलोसायनिन हाती आले. तोच गुण आजही उपयोगी पडतो. धातूविना असलेले वलय स्वच्छ पृष्ठभागावर बसवून वरून कोबाल्ट किंवा लोहाचे अणू सोडले, तर ते जागच्या जागी मध्यभागी जाऊन बसतात.

मधला धातू बदलला की एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. मँगनीजमध्ये तीन, लोहात दोन, कोबाल्टमध्ये एक, तांब्यात एक आणि निकेलमध्ये शून्य. बाहेरचा सांगाडा तोच राहतो. म्हणूनच हे कुटुंब आमच्या क्षेत्रात इतके वापरले जाते, कारण एकच गोष्ट बदलून परिणाम पाहण्याची संधी निसर्ग फार क्वचित देतो.

अणकुचीदार टोकातून वाहणाऱ्या प्रवाहाने पृष्ठभाग चाचपणाऱ्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या (१११) पृष्ठभागावर (कंसातले आकडे स्फटिक कोणत्या प्रतलात कापला आहे ते सांगतात) कोबाल्ट आणि तांबे यांचे थॅलोसायनिन शेजारी-शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत चार पाकळ्या सारख्याच दिसतात. पण कोबाल्टच्या रेणूत मध्यभागी ठळक उजळ ठिपका असतो आणि तांब्याच्या रेणूत तिथे खळगा, अंधार. हे चित्र १९९६ मध्ये प्रथम नीट मांडले गेले आणि आजही नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदा तेच दाखवतो. तांब्याचा अणू काही खाली गेलेला नसतो. कोबाल्टचा डी-झेड-वर्ग कक्षक वरच्या बाजूला टोकाकडे तोंड करून असतो आणि त्यातून प्रवाह सहज वाहतो. तांब्याचा अर्धा भरलेला कक्षक प्रतलात लोळत असल्यामुळे टोकाला त्याचा स्पर्शच होत नाही. आता लक्षात घ्या की जे वर टोकाला दिसते, तेच खाली सोन्यालाही दिसते. उजळ ठिपका म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन ज्या कक्षकात आहे, त्याच कक्षकाचा एक हात थेट धातूत रुतलेला आहे. माझे सगळे उत्तर एका वाक्यात मागितले, तर ते हे: रेणू किती घट्ट चिकटला आहे यापेक्षा एकटा इलेक्ट्रॉन ज्या कक्षकात आहे तो धातूकडे तोंड करून आहे की नाही, यावर चुंबकत्वाचे भवितव्य ठरते.

चिकटण्याची घट्टी ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि ती मोजण्याचा चांगला मार्ग म्हणजे उंची. स्थिर क्ष-किरण तरंगांच्या पद्धतीने रेणूचे कार्बन अणू धातूच्या वरच्या थरापासून किती उंचीवर आहेत, ते शतांश अँगस्ट्रॉमपर्यंत मोजता येते. तांबे थॅलोसायनिनची सरासरी उंची सोन्यावर ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास, चांदीवर ३ च्या आसपास आणि तांब्यावर २.६ च्या आसपास भरते. सोन्यावरचा आकडा हा कार्बन आणि सोने यांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांच्या बेरजेइतकाच आहे, म्हणजे रेणू तिथे विसावलेला आहे. तांब्यावरचा आकडा त्या बेरजेपेक्षा स्पष्टपणे कमी आहे, पण कार्बन आणि तांबे यांच्यातल्या खऱ्या सहसंयुज बंधाच्या लांबीइतका लहान नाही. तिथे वलयाच्या प्रतलाच्या वर-खाली पसरलेल्या पाय (π) इलेक्ट्रॉनांचे धातूच्या इलेक्ट्रॉनांशी संकरण होते, म्हणजे त्यांचे कक्षक एकमेकांत मिसळतात, आणि थोडा विद्युतभार धातूकडून रेणूकडे येतो.

‘विसावलेला’ या शब्दाने मात्र फसू नका. प्रत्येक अणूमागचे व्हॅन डर वाल्स आकर्षण किरकोळ असले, तरी ५७ अणूंचे मिळून ते काही इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. म्हणूनच जाड थर बेताने तापवला की वरचे रेणू उडून जातात आणि पहिला थर जागेवरच चिकटून राहतो. नेमका एक रेणू जाडीचा थर मिळवण्यासाठी ही युक्ती आम्ही नेहमी वापरतो. तापवून निघत नाही म्हणजे रासायनिक बंध झाला, असे त्यावरून म्हणता येत नाही. सरळ सांगायचे, तर या पृष्ठभागांवर भौतिक आणि रासायनिक अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणे) यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे, आणि सोने-चांदी-तांबे हे त्या उतारावरचे तीन टप्पे आहेत.

रेणू बसल्यावर त्याच्या स्पिनचे काय होऊ शकते, याच्या मुख्यतः तीन शक्यता आहेत, आणि पहिल्या दोहोंची गल्लत फार होते. पहिली शक्यता अशी की संकरणामुळे तो कक्षक इतका रुंदावतो, किंवा धातूकडून आलेल्या भाराने इतका भरतो, की त्यात एकटा इलेक्ट्रॉन उरतच नाही. फिलिप अँडरसन यांनी १९६१ मध्ये धातूतल्या एकट्या चुंबकी अणूसाठी मांडलेला हिशेब इथेही लागू होतो: कक्षकाची रुंदी त्यातल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणापेक्षा मोठी झाली, की चुंबकी आघूर्ण, म्हणजे त्या अणूचे स्वतःचे चुंबकत्व, नष्ट होते. दुसरी शक्यता अशी की आघूर्ण शिल्लक राहते, पण कमी तापमानाला धातूचे इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती विरुद्ध स्पिनचे आवरण घालून त्याला झाकून टाकतात. जून कोंडो यांनी १९६४ मध्ये ज्याचा उलगडा केला तो हा परिणाम. पहिल्या शक्यतेत तुम्ही कितीही तापवा, आघूर्ण परत येत नाही. दुसऱ्यात हे आवरण ज्या तापमानाला विरते त्या कोंडो तापमानाच्या वर ते पुन्हा मोकळे होते. तिसऱ्या शक्यतेत आघूर्ण टिकते आणि बाह्य क्षेत्राला प्रतिसाद देत राहते. कमी तापमानाला एकाच क्षेत्रात मोजमाप करून ‘चुंबकत्व नाही’ असा शेरा मारला, तर पहिल्या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

कोबाल्ट थॅलोसायनिन सोन्याच्या (१११) पृष्ठभागावर बसते, तेव्हा पहिली शक्यता प्रत्यक्षात येते: डी-झेड-वर्ग कक्षक सोन्याच्या इलेक्ट्रॉनांत मिसळतो आणि आघूर्ण मावळते. याच रेणूवर चीनमधल्या हफेई येथील संशोधकांनी २००५ मध्ये केलेला प्रयोग तुमच्या गृहीतकाच्या अगदी मुळावर बोट ठेवतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे टोक एका रेणूच्या पाकळीवर नेऊन साडेतीन व्होल्टच्या आसपासचा विद्युतदाबाचा झटका दिला आणि पाकळीच्या टोकाचे हायड्रोजन तोडले. असे चारही पाकळ्यांवर करून एकूण आठ हायड्रोजन काढल्यावर कडेचे उघडे पडलेले कार्बन अणू खाली वाकून सोन्याशी खरेखुरे रासायनिक बंध करून बसले. पाकळ्या खाली वाकल्या, तसा मधला भाग वर उचलला गेला. कोबाल्ट सोन्यापासून दूर सरकला, त्याचा कक्षक पुन्हा अरुंद झाला आणि हरवलेले आघूर्ण परत आले. मध्यभागी घेतलेल्या वर्णपटात सुमारे २०८ केल्विन कोंडो तापमानाचे ठळक शिखर उभे राहिले; झाकायला आघूर्ण असल्याशिवाय असे शिखर दिसत नाही. म्हणजे नुसता टेकलेला रेणू चुंबकत्वहीन होता आणि रासायनिक बंधाने जखडलेला रेणू चुंबकी झाला. बंध कुठे झाला, हे विचारल्याशिवाय बंधाविषयी बोलण्यात काही अर्थ नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

तांबे थॅलोसायनिनची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्याचा एकटा इलेक्ट्रॉन प्रतलात सुरक्षित असल्यामुळे सोन्यावरच काय, चांदीवरही टिकतो. चांदीच्या (१००) पृष्ठभागावर तर धातूकडून वलयाच्या रिकाम्या पाय-कक्षकात जवळजवळ एक इलेक्ट्रॉन येतो आणि त्याची स्वतःची एक स्पिन तयार होते. बार्सिलोना येथील गटाने २०११ मध्ये दाखवले की ही वलयातली स्पिन तांब्याच्या स्पिनशी जोडली जाते, आणि निकेल थॅलोसायनिन, जो मुळात चुंबकी नाहीच, तोही याच मार्गाने चांदीवर चुंबकी होतो. धातू नेहमी हिरावूनच घेतो असे नाही, कधी तो देतोही.

आता तुमच्या सरकलेल्या शिखराकडे येतो. चांदीच्या (१११) पृष्ठभागावर कोबाल्ट टेट्राफिनाइल पॉर्फिरिन या जवळच्या नातलगाच्या बाबतीत पहिल्या थरातले कोबाल्टचे मुख्य शिखर जाड थराच्या तुलनेत सुमारे १.८ इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी बंधनऊर्जेकडे सरकते. तुमच्याकडेही दिशा हीच आहे. हे पाहून ‘कोबाल्टला धातूकडून इलेक्ट्रॉन मिळाला’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण या सरकण्यात निदान दोन वाटेकरी आहेत. एक म्हणजे खरोखर झालेली भाराची देवाणघेवाण. दुसरा म्हणजे मोजताना क्ष-किरणाने इलेक्ट्रॉन बाहेर पडल्यावर मागे राहिलेली धन पोकळी शेजारचा धातू झाकून टाकतो, त्यामुळे आलेली घट. हिचा बंधाशी काही संबंध नाही आणि नुसत्या टेकलेल्या रेणूतही ती दिसते. दोहोंत फरक करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच नमुन्यातली कार्बन आणि नायट्रोजनची शिखरे पाहणे. धातूने झाकल्याचा परिणाम रेणूतल्या सगळ्याच अणूंना थोड्याफार फरकाने लागू होतो. कार्बन आणि नायट्रोजन थोडेसेच सरकले आणि एकटा कोबाल्ट फार सरकला, तर कोबाल्टचा धातूशी खास संबंध जुळला आहे असे मानायला आधार मिळतो. ही शिखरे तुम्ही मोजलेलीच असणार, कारण ती त्याच स्कॅनमध्ये येतात. ती आधी काढून बघा.

याहून पक्का पुरावा रसायनशास्त्राच्या जुन्याच नियमातून मिळतो. कोबाल्टच्या एका बाजूला धातूचा पृष्ठभाग आहे आणि दुसरी बाजू मोकळी आहे. त्या मोकळ्या बाजूला नायट्रिक ऑक्साइडचा रेणू येऊन बसला की कोबाल्टचे शिखर परत जाड थराच्या जागेकडे सरकते, म्हणजे खालच्या धातूशी असलेला संबंध सैल पडतो. समन्वय संयुगांत समोरासमोरचे दोन लिगँड (मधल्या धातूला जोडलेले गट) एकमेकांना ढिले करतात, हे आपण शिकलेलो असतो. इथे संपूर्ण धातूचा पृष्ठभाग हाच पाचवा लिगँड म्हणून वागतो. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षे सरकलेले शिखर म्हणजे भाराचे हस्तांतरण असे धरून चाललो होतो. समोरच्या बाजूने वायू सोडून पाहा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सुचवले आणि त्या एका दुपारी आधीच्या कित्येक आलेखांचा अर्थ बदलला.

धातू स्वतः लोहचुंबकी असेल, तर चित्र अधिकच रंगतदार होते. लोह पॉर्फिरिनचा एक थर कोबाल्ट किंवा निकेलच्या चुंबकी थरावर ठेवला, तर रेणूतल्या लोहाची स्पिन खालच्या धातूच्या चुंबकनाबरोबर समांतर उभी राहते आणि धातूची दिशा उलटवली की तीही उलटते. बर्लिनमधल्या गटाने २००७ मध्ये हे दाखवले, तेही खोलीच्या तापमानाला, जिथे एकाकी रेणूची स्पिन क्षणभरही एका दिशेला टिकत नाही. रेणू आणि धातू यांच्यामध्ये ऑक्सिजनच्या अणूंचा एक थर घातला, तर जोडणी नाहीशी होत नाही, उलट्या चिन्हाची होते, आणि स्पिन धातूच्या विरुद्ध दिशेला उभी राहते. मधल्या एका अणूच्या थराने खूण बदलते, यावरून ही जोडणी चुंबकी क्षेत्रातून येत नसून कक्षकांच्या साखळीतून येते हे स्पष्ट होते.

याच धाग्यातले एक काम मला विशेष जवळचे वाटते, कारण त्यातला रेणू कोलकात्यात जन्मला. तिथल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील स्वाधीन मंडल यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला झिंक मिथाइल फिनॅलेनिल हा रेणू मुळात चुंबकी नाही. कार्तिक रामन, जगदीश मूडेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तो कोबाल्टवर बसवला, तेव्हा पहिल्या थरातले रेणू कोबाल्टशी संकरित होऊन स्वतःच चुंबकी झाले आणि कोबाल्टपासून जरा वेगळ्या क्षेत्राला उलटू लागले. त्यामुळे दुसऱ्या बाजूचा विद्युतवाहक चुंबकी नसलेल्या उपकरणातही खोलीच्या तापमानाजवळ २० टक्क्यांहून अधिक चुंबकरोध, म्हणजे चुंबकी क्षेत्राने विद्युतरोधात पडणारा फरक, मिळाला. पहिला थर हा जाड थराचा खालचा भाग नसून स्वतंत्र पदार्थ आहे, असे मी नेहमी म्हणतो, ते यासाठीच.

त्या वाक्याची दुसरी बाजू शिशावरच्या प्रयोगात दिसते. शिशाच्या पातळ थरावर कोबाल्ट थॅलोसायनिन चढवले, तर धातूला टेकलेल्या पहिल्या थरात आघूर्ण मावळते. वरच्या थरांत मात्र ते शाबूत असते आणि एकावर एक बसलेल्या स्पिनमधली प्रतिलोहचुंबकी जोडणी सुमारे १८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी मोजली गेली. म्हणजे तुमच्या नमुन्यात ज्या दोन गोष्टी तुम्ही एकाच कारणाखाली घातल्या, त्या इथे एकाच रेणूच्या चवडीत, एकावर एक, वेगवेगळ्या दिसतात.

एकल-रेणू चुंबकांबद्दलही, म्हणजे एकेकटा रेणू चुंबकी स्मृती धरून ठेवतो अशा संयुगांबद्दलही, तुम्ही ओझरते विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. बारा मँगनीज असलेला प्रसिद्ध रेणू सोन्यावर बसवला की त्यातल्या मँगनीजचे क्षपण होते आणि त्याची चुंबकी स्मृती हरवते. चार लोहांचा रेणू, ज्याला गंधकाचे टोक असलेली लांब शेपटी जोडली होती, तो फ्लॉरेन्सच्या गटाने २००९ मध्ये सोन्याला बांधला आणि त्याची स्मृती सोन्यावरही टिकल्याचे दाखवले, अर्थात एक केल्विनच्याही खालच्या तापमानाला. इथेही तोच न्याय दिसतो: गंधक आणि सोने यांचा बंध खरा आणि बळकट आहे, पण तो स्पिनपासून दूर, शेपटीच्या टोकाला आहे. टर्बियमचा दुहेरी थॅलोसायनिन थेट धातूवर बसवला की त्याचा चुंबकी वळसा (क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व मागे राहते हे दाखवणारा आलेखातला फास) जवळजवळ मिटतो. २०१६ मध्ये चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचे काही पापुद्रे चढवून त्यावर तो बसवला, तेव्हा वळसा चांगला रुंद उघडला.

गणनेबाबत एक सूचना. तुमच्या सहकाऱ्याने घनता-फलन पद्धतीने (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या संगणकी पद्धतीने) काढलेली रेणू आणि सोने यांच्यातली बंधनऊर्जा जवळजवळ शून्य आली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. या पद्धतीतल्या नेहमीच्या फलनकांत (ऊर्जेच्या सूत्रांत) व्हॅन डर वाल्स आकर्षण धरलेले नसते, त्यामुळे सोन्यावरचा थॅलोसायनिन त्यांच्या लेखी तरंगतच राहतो. ती दुरुस्ती घातल्याशिवाय उंची बरोबर येणार नाही, आणि उंची चुकली की कक्षकाची रुंदी चुकते, आणि रुंदी चुकली की आघूर्णाचा आकडा निव्वळ योगायोगाचा ठरतो. कोबाल्टच्या डी इलेक्ट्रॉनांसाठी घातलेल्या प्रतिकर्षणाच्या आकड्यावरही आघूर्ण अवलंबून असते. तो एकच निवडून उत्तर देऊ नका, दोन-तीन आकडे घेऊन उत्तर कितपत हलते ते पाहा.

आता प्रत्यक्ष काय करावे. तुम्ही सोन्याचा थर एका यंत्रात चढवला, तो हवेतून नेला आणि रेणू दुसऱ्या यंत्रात चढवले, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. हवेत आलेल्या सोन्यावर काही मिनिटांतच कार्बनी मळाचा पापुद्रा बसतो. वर मी सांगितलेले सगळे, पहिला थर आडवा पडणे, डी-झेड-वर्ग कक्षक सोन्यात रुतणे, हे अतिउच्च निर्वातात आर्गॉनच्या माऱ्याने साफ केलेल्या आणि तापवून सपाट केलेल्या सोन्याला लागू आहे. मळलेल्या सोन्यावर, काचेवर किंवा ऑक्साइडवर थॅलोसायनिन आडवे न पडता बहुधा कडेवर उभे राहते, आणि मग कोबाल्टचा सोन्याशी थेट संबंध येतच नाही. ६० थरांचा माझा हिशेबही आडव्या रेणूंसाठी होता. रेणू उभे असतील, तर एका थराची जाडी सुमारे १३ अँगस्ट्रॉम होते आणि थर पंधराच्या आसपास भरतात. चुंबकत्व कमी दिसण्याचे कारण मात्र बदलत नाही, कारण चवड आडवी असो की उभी, शेजारी तेच असतात.

म्हणून चुंबकत्वाच्या मागे लागण्याआधी तुमच्याच विभागातल्या साध्या क्ष-किरण विवर्तन यंत्रावर हा २० नॅनोमीटरचा नमुना चढवा. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांनी ७ अंशांच्या जवळ शिखर आले, तर रेणू उभे आहेत. ते नसून २७ अंशांच्या आसपास शिखर आले, तर आडवे आहेत. मूस ३५० ते ४०० अंश सेल्सिअसवर नेण्यापूर्वी तिच्यातले चूर्ण त्याहून थोड्या कमी तापमानाला रात्रभर वायुमुक्त केले होते का, तेही वहीत तपासा, कारण अपुरे शुद्ध केलेले चूर्ण पहिल्या थरातच सगळ्यात जास्त घाण सोडते. पुढे सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या त्वरकावर) वेळ मिळाला, तर आधी नायट्रोजनच्या ४०० इलेक्ट्रॉनव्होल्टजवळच्या शोषण-कडेवर (जिथून पुढे तो क्ष-किरण एकदम जास्त शोषतो) रेखीय ध्रुवीभूत किरणांनी रेणूंचा कल ठरवा, आणि नंतरच कोबाल्टच्या ७७८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शोषण-कडेवर वर्तुळाकार ध्रुवीभूत किरणांनी आघूर्ण मोजा, तेही एका थराच्या आणि जाड अशा दोन नमुन्यांवर, निदान दोन तापमानांना. विवर्तनाचा आलेख आला की मला पाठवा. त्यात ७ अंशांवर शिखर असेल, तर सोन्याशी बंध होतो की नाही हा प्रश्न नवा, साफ केलेला नमुना होईपर्यंत बाजूला ठेवावा लागेल.